ॲटलास पतंग बघायचाय? मग आधी त्याचं झाड शोधा

मृगाचा पाऊस घाटमाथ्यावर एकदा बसला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो ठरलेला असतो. गगनबावड्याच्या नाहीतर राधानगरीच्या कुठल्यातरी घराची भिंत, तिच्यावर पंख पसरून बसलेलं तांबूस पाखरू, मापासाठी शेजारी धरलेला कुणाचा तरी हात आणि खाली ओळ: 'जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू सापडलं!' पाखरू मोठं असतं यात वाद नाही. पण ते फुलपाखरू नाही, पतंग आहे. आणि 'सगळ्यात मोठं' हेही खरं नाही. पंखांच्या पसाऱ्यात दक्षिण अमेरिकेतला व्हाइट विच पतंग त्याच्या पुढे आहे, तर पंखांच्या क्षेत्रफळात ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीमधला हर्क्युलिस पतंग. त्यानं आपल्या ॲटलासचा रुबाब कमी होत नाही. हातावर थापलेल्या भाकरीएवढा पतंग दारात येऊन बसतो, आणखी काय पाहिजे?

फोटो बघितला की पुढचा प्रश्न येतोच: 'आम्हाला कुठं बघायला मिळेल?' बहुतेक जण मग रात्रीचे घाटात दिवे बघत हिंडतात आणि हात हलवत परत येतात. कारण साध्या हिशेबात आहे. पंख फुटलेला ॲटलास जेमतेम आठवडाभर, फार तर दोन आठवडे जगतो. अळी म्हणून तो पाच-सहा आठवडे पानं खातो. कोशात कमीत कमी महिनाभर असतो, आणि मधे कोरडा ऋतू आला तर कित्येक महिने. म्हणजे आयुष्याचा बराचसा भाग तो एका झाडाला चिकटून काढतो आणि आपण नेमका त्याचा शेवटचा आठवडा शोधायला जातो. हा लेख त्यासाठी उलट्या बाजूनं लिहिलाय: आधी ओळख, मग झाड, मग कोश, मग अळी. दिवा आणि चादर (म्हणजे रात्री उजेडात पांढरी चादर ताणून पतंगांची वाट बघणं) सगळ्यात शेवटी.

ओळख पक्की करा

रंग लालसर तपकिरी, त्यात काळ्या, पांढऱ्या आणि गुलाबीसर रेघा. चारही पंखांवर मधोमध एकेक मोठा, त्रिकोणी, आरपार दिसणारा भाग असतो. तिथं खवले नसतात. पंखामागची भिंत किंवा पान त्यातून दिसतं. त्या त्रिकोणाला काळी किनार असते. पंखाचा पसारा मोठ्या मादीत २४ सेंटिमीटरपर्यंत जातो, पण आपल्याकडे दिसणारे बरेच त्याहून लहान असतात. त्यामुळे निव्वळ आकारावरून ओळखायला जाऊ नका.

पुढच्या पंखाचं टोक नीट बघा. ते बाहेर वळलेलं असतं आणि त्यावर पिवळसर रंगात एक काळा ठिपका असतो, सापाच्या डोळ्यासारखा. बाजूनं बघितलं तर फणा नसलेल्या सापाचं डोकंच वाटतं. डिवचलेला पतंग जमिनीवर पडून पंख हळूहळू हलवतो, आणि मग ती दोन डोकी डोलायला लागतात. ही नक्कल पक्ष्यांना कितपत फसवते यावर अभ्यासकांत चर्चा आहे. माणसांना मात्र पुरेपूर फसवते. 'साप-पाखरू, विषारी आहे' म्हणून त्याच्यावर झाडू चालवणारे आहेतच. ॲटलास चावत नाही, डंख मारत नाही, विषारीही नाही. चावायला त्याला तोंडच नाही. प्रौढ पतंगाला कामाची सोंड नसते. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो शेवटपर्यंत निभावतो.

नर-मादी ओळखायला शृंगिका म्हणजे मिशा बघाव्या. दोघांच्याही मिशा पिसांच्या असतात, पण नराच्या चांगल्या रुंद आणि दाट, मादीच्या अरुंद. मादीचं पोट जाडजूड, अंड्यांनी भरलेलं. नराचे पंख थोडे लहान आणि टोकाशी जास्त वळलेले. फोटो पाठवताना मिशा फोकसमध्ये नसतील तर त्या फोटोवरून नर-मादी सांगणं अवघड होतं, तेवढं लक्षात ठेवा.

आपल्या घाटात याच रेशीम-पतंगांच्या कुळातले आणखी काही मोठे पतंग आहेत आणि घोटाळा त्यांच्याशीच होतो. फिकट पोपटी रंग आणि मागच्या पंखांना लांब शेपट्या असतील तर तो चांद्रपतंग, म्हणजे मून मॉथ. पिवळसर किंवा विटकरी पंखांवर चार गोल डोळे असतील आणि त्या डोळ्यांच्या मधोमध काचेसारखी टिकली असेल तर तो टसर रेशमाचा पतंग. ॲटलासच्या पारदर्शक खुणा गोल नसतात, त्रिकोणी असतात; तेवढी एक खूण पुरते. गडद तपकिरी, पुढच्या पंखावर घुबडासारखा मोठा डोळा असलेला आणि पिकल्या फळांवर येणारा पतंग वेगळ्याच कुळातला आहे, आणि त्याला सोंडही असते.

जातीच्या नावाबद्दल एक सूचना. लिनियसनं १७५८ मध्ये नाव दिलेला तो ॲटॅकस ॲटलास. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या पतंगांना अभ्यासक ॲटॅकस टॅप्रोबॅनिस ही वेगळी जात मानतात. जुन्या बातम्यांत आणि याद्यांत सगळ्यांना सरसकट ॲटलासच म्हटलेलं सापडेल. तुम्ही नोंद करताना 'ॲटॅकस' एवढंच लिहा, फोटो चांगला द्या, आणि पुढचं जाणकारांवर सोडा. बोलताना ॲटलासच म्हणायला कुणाची हरकत नाही, मीही इथं तेच म्हणतोय.

कुठं बघायचं

कोल्हापूर जिल्ह्याचे पावसाच्या हिशेबानं दोन जिल्हे होतात. शिरोळ-हातकणंगल्याकडे पाऊस बेताचा, आणि पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. ॲटलास या ओल्या पश्चिम पट्ट्यातला. शाहूवाडीत आंबा, बर्की, विशाळगडचा परिसर. मग गगनबावडा, राधानगरी-दाजीपूर, भुदरगडात पाटगावकडचा भाग, आणि दक्षिणेला आजरा, चंदगड ते तिलारीकडची उतरण. अंजनी, जांभूळ, हिरडा, कुंभा, पिसा अशा झाडांचं निमसदाहरित जंगल आणि त्याला लागून परसबागा, काजूचे-फणसाचे मळे असलेली गावं. मला विचाराल तर आत घनदाट जंगलापेक्षा ही सीमारेषा जास्त सोयीची. झाडं ठेंगणी असतात, पानं हाताशी येतात, आणि बघायला कुणाची परवानगी लागली तर ती घरमालकाची, जी बहुधा चहासकट मिळते.

राधानगरी अभयारण्याचं तसं नाही. १९५८ साली दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य म्हणून सुरुवात झालेला हा भाग आज ३५१ चौरस किलोमीटरचा आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आत जायला वन खात्याचा परवाना लागतो, आणि आतून काहीही उचलायचं नाही: अळी नाही, कोश नाही, रिकामा कोशही नाही. पावसाळ्यात दाजीपूरचं जंगल पर्यटकांना बंद असतं, आणि ॲटलासचा हंगाम नेमका तोच. म्हणून या लेखातलं सगळं काम अभयारण्याच्या बाहेर, गावच्या आणि खासगी जागेत करायचं आहे असं धरून चाला.

पायरी पहिली: झाडांची यादी करा

ॲटलासची अळी खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ नाही, पण तिच्या आवडी ठरलेल्या आहेत. आपल्याकडे शोधायची झाडं म्हणजे दालचिनी (परसातली आणि रानातली दोन्ही), पेरू आणि लिंबाच्या कुळातली झाडं. त्याखालोखाल जांभूळ आणि रामफळ-सीताफळ. मी दालचिनीपासून सुरुवात करायला सांगेन. घाटमाथ्यावरच्या गावांत परसात एखादं तरी दालचिनीचं झाड असतं, ते फार उंच होऊ दिलेलं नसतं, आणि त्याचं पान जाड, मोठं, देखणं; त्यावर कुणी खाल्लेलं लगेच कळतं.

एका गावातली अशी चार-पाच झाडं निवडा आणि वहीत त्यांना क्रमांक द्या. दर वेळी नवी झाडं धुंडाळण्यापेक्षा तीच तीच झाडं बघत राहणं कितीतरी फायद्याचं. घरच्यांना एवढं विचारून ठेवा की झाडावर औषध मारतात का. पेरूवर फवारणी होत असेल तर ते झाड यादीतून काढा, वेळ वाया घालवू नका.

पायरी दुसरी: कोरड्या दिवसांत कोश शोधा

सुरुवात फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. पाऊस नाही, जळवा नाहीत, आणि पतंग कोशात गप्प बसलेला असतो.

कोश करायच्या आधी अळी एक शहाणपणाचं काम करते. ज्या पानात कोश विणायचा त्या पानाचा देठ ती रेशमानं फांदीला बांधून टाकते. मग पान वाळलं तरी गळत नाही. ते पान अंगाभोवती ओढून घेऊन ती आत राखाडी-तपकिरी, कागदी, साधारण सात-आठ सेंटिमीटर लांबीचा कोश विणते. याचा आपल्याला असा उपयोग: दालचिनी, पेरू, लिंबू ही झाडं बारमाही हिरवी. सगळीकडे हिरवं असताना एकच वाळलेलं पान लटकतंय, वाऱ्यानं हलतंय पण पडत नाही, तर त्या पानाजवळ जा. देठाकडे बघा. देठापासून फांदीपर्यंत करडा रेशमी पट्टा चढलेला दिसला की काम झालं. नुसतं वाळकं पान असेल तर टिचकी मारताच गळतं.

हात लावायची गरज नाही. खालून, बाजूनं बघून तीन गोष्टी टिपा.

कोशाचं वरचं टोक उघडं आणि विस्कटलेलं आहे का? ॲटलासच्या कोशाला त्या टोकाला बाहेर पडायची वाट आधीच राखलेली असते, धागे तिथं सैल आणि एकमेकांकडे झुकलेले असतात. पतंग निघून गेला असेल तर ते बाजूला सरकलेले दिसतात, आणि पानाला किंवा फांदीला वाळलेल्या तपकिरी द्रवाचे डाग असतात. कोशाच्या अंगाला छोटी गोल भोकं असतील तर आत परजीवी गांधीलमाशा किंवा माश्या वाढून गेल्या. त्या कोशातून पतंग निघणार नाही. आणि कोश फाटून मोठं भगदाड पडलं असेल तर पक्ष्यानं किंवा उंदरानं डल्ला मारलाय. यातलं काही नसेल, कोश भरीव दिसत असेल, तर तो जिवंत धरायचा आणि झाडाच्या क्रमांकापुढे खूण करायची.

दुसऱ्यांचे कोशही सापडतील. आजरा-चंदगडकडे काजू आणि आंब्यावर सोनेरी, जाळीदार, गुच्छानं लागलेले कोश दिसतात, ते क्रिक्युला नावाच्या पतंगाचे. ऐनाच्या झाडावर टणक, अंडाकृती, लांब देठानं फांदीला कडी घातल्यागत लटकणारा कोश टसरचा. काड्या-पानांचे तुकडे चिकटवलेली, हलत फिरणारी पिशवी कुठल्याच मोठ्या पतंगाची नाही, ती बॅगवर्म अळी. ॲटलासच्या कोशापासून रेशीम निघतं, त्याला फगारा म्हणतात. पण टसर किंवा तुतीच्या रेशमासारखा अखंड धागा त्यातून उलगडत नाही. म्हणून 'कोश गोळा करून विकता येतात' असं कुणी सांगितलं तर त्या भानगडीत पडू नका.

पायरी तिसरी: वळवापासून लक्ष ठेवा

कोरड्या दिवसांत कोशातला जीव थांबलेला असतो. हवेतला ओलावा आणि ऊब वाढली की तो पुढे सरकतो. मे अखेरचा वळीव पडला की ज्या झाडांवर खूण केली आहे ती दोन-तीन दिवसांआड बघायला सुरुवात करा.

नशीब असेल तर बाहेर पडतानाच सापडेल, आणि ते बघण्यासारखं आहे. कोशाच्या टोकाशी आधी ओलसर, केसाळ डोकं दिसतं. मग पुढचे पाय फांदीवर पकड घेतात आणि जाडजूड पोट ओढत पतंग बाहेर येतो. पंख त्या वेळी चुरगळलेल्या, ओल्या फडक्याएवढेच असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं जन्मतःच अधू आहे. पतंग उलटा लटकतो. पोटातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलला जातो आणि पंख तळाकडून टोकाकडे उघडत जातात. आधी त्रिकोणी झरोके ताणले जातात, सापाच्या डोक्याचं टोक सगळ्यात शेवटी सरळ होतं. पंख पूर्ण पसरले तरी वाळायला काही तास जातात. या वेळात त्याला धक्का लागून तो खाली पडला की पंख वेडेवाकडे वाळतात आणि तो कधीच उडत नाही. म्हणून फोटो लांबून, फ्लॅश बंद ठेवून, आणि फांदी अजिबात न हलवता.

बाहेर आलेली मादी असेल तर ती फार लांब जात नाही. कोशाजवळच लटकून राहते आणि रात्री पोटाच्या टोकाशी असलेली ग्रंथी बाहेर काढून गंध सोडते. नराच्या रुंद मिशा त्यासाठीच. वाऱ्यावरून तो गंध पकडून नर लांबून, कित्येकदा किलोमीटरच्या हिशेबात, येतो. याचा अर्थ तुमच्या दालचिनीवर मादी बसली असेल तर तुम्हाला कुठंही हिंडायची गरज नाही. रात्री तिथंच लांब बसा, टॉर्च मिणमिणता ठेवा, नर तिच्याकडे येईल. जोडी जमली की ती तासन्‌तास, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत जोडलेली राहते. सकाळी बघायला या, चालेल.

पायरी चौथी: अळी शोधताना आधी जमीन बघा

मिलनानंतर मादी काही रात्रींत शंभर-दोनशे अंडी घालते. पानाच्या मागच्या बाजूला, एकेकटी किंवा लहान पुंजक्यात. अंडं जेमतेम अडीच मिलिमीटरचं, ते शोधत बसू नका. साधारण दीड-दोन आठवड्यांत अळी बाहेर येते, पहिल्यांदा अंड्याचं कवच खाते आणि मग पानाला लागते.

जुलै अखेर ते सप्टेंबर हा अळीचा मोसम. पण पानांत बघायच्या आधी झाडाखाली बघा. मोठ्या अळीच्या लेंड्या ठसठशीत, लांबट, अंगावर उभ्या खाचा असलेल्या असतात. ताज्या असतील तर हिरवट-काळ्या आणि ओल्या, जुन्या तपकिरी आणि भुसभुशीत. मुसळधार पावसात त्या वाहून जातात, त्यामुळे दोन दिवसांची उघडीप मिळाली की जा. सारवलेलं अंगण, फरशी किंवा झाडाखाली लावलेली गाडी असेल तर उत्तमच; मातीवर दिसायला त्रास होतो. लेंड्या सापडल्या की बरोबर त्यांच्या वर बघा. खाल्लेली पानं, नुसत्या उरलेल्या मधल्या शिरा, आणि त्यांच्या शेजारच्या न खाल्लेल्या पानाच्या खालच्या बाजूला अळी.

ती समोर असूनही पटकन दिसत नाही. पूर्ण वाढलेली अळी अकरा-बारा सेंटिमीटर लांब, अंगठ्याहून जाड, फिकट निळसर हिरवी. अंगभर पांढरी मेणचट पूड, पाठीवर मऊ मांसल काटे, आणि मागच्या टोकाच्या पायांवर नारिंगी कड्याची खूण. ही नारिंगी खूण पक्की. ती दिसली की ॲटलास. लहान अळ्या काळपट-पांढुरक्या असतात आणि पक्ष्याच्या विष्ठेत खपून जातात. चार-पाच वेळा कात टाकत ती मोठी होते. कात टाकायच्या आधी दिवसभर खात नाही, हलत नाही. अशा वेळी 'मेली वाटतं' म्हणून तिला हलवू नका, तिची पकड सुटली तर जुनी कात अंगावर अडकते आणि मग ती खरोखरच मरते.

तिचे काटे टोचत नाहीत, खाजही सुटत नाही. आपल्याकडे सुरवंट म्हटलं की घुल्याची आठवण होऊन लोक आधी चप्पल काढतात, ते इथं लागू नाही. मात्र फारच छेडलं तर ती उग्र वासाचा द्रव उडवते. तो मुंग्या आणि सरड्यांसाठी असतो, पण डोळ्यात गेला तर चुरचुरेल.

आणि घरमालक विचारणारच: 'झाडाचं नुकसान होतंय की, काढून टाकू का?' चार-सहा अळ्यांनी परसातलं वाढलेलं झाड मरत नाही. एक-दोन फांद्या उघड्या पडतात आणि दिवाळीपर्यंत नवी पालवी येते. रोप अगदी लहान असेल तर अळी त्याच जातीच्या मोठ्या झाडावर हलवा: ती बसलेली डहाळीच कापा आणि मोठ्या झाडाच्या फांदीला सुतळीनं बांधा. अळीला ओढून काढू नका, पायांची पकड इतकी घट्ट असते की पाय तुटतात.

घरी वाढवायची असेल तर

स्वतःच्या परसात सापडलेली एखादी अळी वाढवायला हरकत नाही, शाळेतल्या मुलांसाठी तर जरूर करावं. सगळ्यात सोपी आणि चांगली पद्धत म्हणजे तिला झाडावरच ठेवणं. मच्छरदाणीच्या कापडाची किंवा मलमलीची लांब पिशवी शिवा, अळीसकट फांदी आत घ्या, दोन्ही तोंडं नाडीनं बांधा. आत गांधीलमाशी जात नाही, पक्षी जात नाही, पानं ताजी राहतात. फांदी संपत आली की पिशवी पुढच्या फांदीवर.

घरात ठेवायची झाली तर डहाळ्या पाण्याच्या बाटलीत खोचा आणि बाटलीचं तोंड कापसानं घट्ट बुजवा, नाहीतर अळी चालत चालत आत जाऊन बुडते. पानं रोज बदला, लेंड्या रोज काढा. साचलेल्या लेंड्यांना बुरशी येते आणि अळी आजारी पडते. जे झाड ती खात होती तेच शेवटपर्यंत द्या. दालचिनीवरच्या अळीला मधेच पेरू दिला तर ती कदाचित उपाशी राहील पण खाणार नाही.

कोश झाला की तो देठासकट टांगा, आडवा ठेवू नका. टांगलेल्या जागेच्या आजूबाजूला चढायला खरखरीत कापड किंवा काठी, आणि खाली किमान फूटभर मोकळी जागा हवी. इथंच बहुतेकांचा प्रयोग फसतो. बरणीत किंवा खोक्यात ठेवलेल्या कोशातून पतंग निघतो, पंख पसरायला जागा मिळत नाही आणि तो कायमचा अधू होतो. कोल्हापूर शहरातली एप्रिल-मेची हवा घाटमाथ्यापेक्षा बरीच कोरडी, त्यामुळे त्या दिवसांत कोशावर दोन-तीन दिवसांनी पाण्याचा हलका फवारा मारा. भिजवू नका. पतंग निघाला की त्याच दिवशी संध्याकाळी, अळी जिथं सापडली त्याच ठिकाणी सोडा. आंबा गावातली अळी वाढवून पतंग कोल्हापुरात रंकाळ्यावर सोडलात तर तो तिथं जोडीदाराशिवाय आठवडा काढेल, बस.

चादर आणि दिवा

एवढं करूनही ज्यांना चादर लावायचीच आहे त्यांच्यासाठी. अमावास्येच्या आगेमागेची, ढगाळ, उबदार, वारा पडलेली आणि पावसाची भुरभुर असलेली रात्र निवडा. पौर्णिमेला काही मिळत नाही. पांढरी सुती चादर दोन झाडांत ताणून बांधा, खालचा काठ जमिनीवर पुढे पसरू द्या कारण बरेच पतंग खालीच बसतात. समोर अतिनील ट्यूब किंवा पाऱ्याच्या वाफेचा दिवा. नेहमीच्या पिवळ्या एलईडीला फारसे पतंग येत नाहीत. चादरीचं तोंड जंगलाकडे, गावच्या दिव्यांकडे पाठ. आठ-नऊ वाजता बारीकसारीक पतंग गर्दी करतात आणि लोक फोटो काढून दमून आवरायला घेतात; हे मोठे पतंग मात्र बरेचदा मध्यरात्रीनंतर येतात. येणारे जास्त करून नर असतात.

पतंग दिव्यावर का येतात यावर २०२४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक चांगला अभ्यास आला. उडताना किडे पाठ नेहमी उजेडाकडे ठेवतात, कारण रात्रीसुद्धा आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं. दिवा बाजूला असला की ते त्याच्याकडे पाठ करत राहतात आणि त्याच्याभोवती घिरट्यांत अडकतात. म्हणजे आपण त्यांना बोलावत नाही, वाट चुकवतो. आठवडाभराचं आयुष्य असलेल्या नराची अख्खी रात्र आपल्या चादरीवर घालवणं मला फारसं पटत नाही. एका ठिकाणी हंगामात एखाद-दुसऱ्या वेळेपेक्षा जास्त लावू नये, आणि पहाट व्हायच्या बऱ्याच आधी दिवा बंद करावा. नाहीतर उजाडताच कोतवाल आणि बुलबुल चादरीवर नाश्ता करतात.

रात्रीच्या कामात दोन इशारे. फांदी धरायच्या आधी तिच्यावर टॉर्च मारा. मलबारी चापडा हा साप घाटातल्या झुडपांवर रात्री हालचाल न करता बसलेला असतो आणि तो खराखुरा विषारी आहे. आणि राधानगरी-दाजीपूर रस्त्यावर गवा उजेडापुढे उभा राहिला तर गाडी थांबवा, हॉर्न वाजवू नका.

भिंतीवर आपोआप आला तर

दिवा बंद करा. बहुतेक वेळा एवढंच पुरतं, पुढच्या रात्री तो स्वतः निघून जातो. साखरपाणी, केळं, मध काही देऊ नका, खाणार कशानं? पाय पडतील अशा जागी असेल तर तोंडापुढे काठी धरा, तो वर चढला की सावलीतल्या खोडाला टेकवा. पंखाला धरू नका, खवले निघून येतात. मापासाठी हात धरण्याऐवजी शेजारी दहा रुपयांची नवी नोट धरा. ती १२३ मिलिमीटर लांब असते, आणि फोटोवरून माप बरोबर काढता येतं. मादीनं पडद्यावर किंवा भिंतीवर अंडी घातली असतील तर ती खरवडू नका. दीड आठवड्यानंतर रोज बघा, अळ्या निघाल्या की मऊ कुंचल्यानं उचलून दालचिनीच्या कोवळ्या पानावर सोडा.

नोंद कशी लिहायची

तारीख, वेळ, गाव, झाडाचं नाव, जमिनीपासून उंची, अवस्था (अंडं, अळी, कोश, पतंग), नर की मादी, पावसाची स्थिती. फोटो तीन: पूर्ण पतंग वरून, पंखाचं टोक जवळून, मिशा जवळून. आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकलंत तर जात तपासून मिळते. दरवर्षी जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात राष्ट्रीय पतंग सप्ताह असतो, तेव्हा जाणकारांचं लक्ष जास्त असतं. अळी किंवा कोशाच्या नोंदीत झाडाचं नाव कधीही गाळू नका, आणि झाड ओळखता येत नसेल तर पानाच्या दोन्ही बाजूंचा आणि फळाफुलाचा वेगळा फोटो जोडा. पतंगाचे फोटो भिंतींवरून भरपूर येतात. कोल्हापूरच्या कुठल्या गावात, कुठल्या झाडावर तो वाढला, हे त्यांतल्या फार थोड्यांबरोबर येतं.

ज्या झाडांवर काहीच सापडलं नाही त्यांच्यापुढेही तारीख टाकून 'काही नाही' लिहा. रिकामा कोश सापडलेलं झाड मात्र यादीतून काढू नका. पुढच्या श्रावणात पहिली फेरी त्याच झाडापासून सुरू करा.